न लिहिलेली खूण

१८ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. फोनवर तू ‘बरं आहे’ आणि ‘जेवलीस का’ यापलीकडे जात नाहीस, म्हणून हे पत्र. उत्तरही पत्रानंच दे. पत्रात निदान दोन वाक्यं जास्त लिहावी लागतील.

माझ्या सहा कथा झाल्या आहेत, हे तुला माहीत आहे. सातवी आली की पुस्तक करू, असं संपादकबाई म्हणाल्या त्याला आता सात महिने झाले. तेव्हापासून मी एक ओळ लिहिलेली नाही. सकाळी दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवण्याच्या टेबलाशी बसते. दुपारी दोनला घरी येते. खिडकीशी टेबल आहे, टेबलावर कोरे कागद आहेत. पाचपर्यंत बसते आणि मग चहा करते. टेबलाची जागा दोनदा बदलून झाली. पेन बदललं. काल कागदावर स्वतःचंच नाव लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि उठले.

बसमध्ये लोक काय काय विसरतात आणि ते सगळं तुझ्या खोलीत येतं. त्यातली एखादी वस्तू सांग ना मला, जिच्यावरून कथा होईल. तुझ्याकडे शंभर असतील, मला एक पुरे.

आईला यातलं काही सांगू नकोस. ती लगेच म्हणेल, ‘मग घरी ये.’

तुझी
भिंगरी


२९ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तिला सांगा, टेबल फिरवून कथा आल्या असत्या तर सगळ्या सुतारांची पुस्तकं निघाली असती.” हे मी फक्त पोचवतो आहे. माझं मत मागू नये.

माझ्या खोलीविषयी तुझा समज मोठा आहे. आगाराच्या मागच्या बाजूला, गाड्या धुतात तिथं ही खोली आहे. एक खिडकी, तिला गज. तीन भिंतींना मांडण्या आणि मध्ये माझं टेबल. पाळी संपली की कंडक्टर गाडीत सापडलेल्या वस्तू आणून देतात. मी त्या नोंदवहीत लिहितो आणि चिठ्ठी बांधून मांडणीवर ठेवतो. कुणी मागायला आलं तर खात्री करून देतो. सहा महिन्यांत कुणी आलं नाही, तर वस्तू मोठ्या भांडारात जाते. तिथं गेलेली वस्तू पुन्हा सापडत नाही. बावीस वर्षं हेच चाललं आहे. सकाळी देवाचं नाव घेऊन कुलूप काढतो आणि संध्याकाळी तेच नाव घेऊन लावतो. मधल्या वेळात कथा घडताना मला तरी दिसलेली नाही.

पण माझ्या आधीच्या मोठ्या कारकुनांनी मला दोन गोष्टी शिकवल्या, त्या तुला सांगतो.

पहिली. नोंदवहीत ‘वर्णन’ असा एक रकाना आहे. त्यात डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. मी नवा असताना ‘बाईची पर्स’ असं लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, “बाई पाहिलीस का?” म्हटलं, नाही. “मग खोड.” मी लिहिलं, ‘तपकिरी पर्स, एका कडेची शिवण उसवलेली.’ ती पर्स शेवटी एका दाढीवाल्या गवंड्यानं येऊन नेली. त्यात तो आपला मोजमापाचा टेप ठेवायचा.

दुसरी. वर्णनात एक खूण लिहायची नाही. नोंदींची यादी बाहेर फळ्यावर लागते, कुणीही वाचतं आणि कुणीही येऊन सांगू शकतं. म्हणून प्रत्येक वस्तूची एक खूण मी फक्त मनात ठेवतो. जो ती सांगेल त्याची वस्तू. मग दुसरा प्रश्न नाही.

तू असं कर. रोज एक अशा दहा नोंदी लिहून पाठव. तुझ्या दवाखान्यात माणसं तोंड मिटून तासन्‌तास बसलेली असतात. त्यांच्याइतकं निवांत बघायला कोण मिळणार?

तुझा
मामा


१० फेब्रुवारी

प्रिय मामा,

दहा नाही जमल्या. सहा पाठवते.

१. एक थकलेली चप्पल.
२. एका एकट्या माणसाची छत्री.
३. आईच्या आठवणी जपणारा रुमाल.
४. लहान मुलीचा निळा बूट. दुसरा नाही.
५. एक गॉगल, ज्याच्या मागे डोळे रडले असावेत.
६. पाण्याची बाटली, अर्धी.

मला वाटतं सहावी तुला आवडेल. ती लिहिताना डॉक्टर हाक मारत होते, म्हणून अर्धवट राहिली.

मामीला म्हणावं, टेबल आता पूर्वीच्याच जागी आहे.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

नोंदी वाचल्या. चप्पल थकत नाही. टाच कुठल्या बाजूनं झिजली आहे ते लिही, म्हणजे माणूस कसा चालतो ते वाचणाऱ्याला कळेल. थकला आहे की नाही ते तो ठरवेल. रुमालानं काय जपलं आहे हे रुमालाला माहीत. गॉगलबद्दल मी काही बोलत नाही. मामी मात्र बोलली, पण ते लिहिण्यासारखं नाही. चौथी चांगली आहे, फक्त ‘लहान मुलीचा’ काढ. सहावी तुझी सर्वांत चांगली, आणि ती तू घाईत लिहिलीस, याचा विचार कर.

आमच्या गावच्या शाळेत एक मास्तर होते. निबंधाच्या तासाला ते एक पिशवी घेऊन यायचे. पिशवीत हात घालायचा, बघायचं नाही, आणि हाताला काय लागलं ते पाटीवर लिहायचं. वस्तूचं नाव लिहिलं की छडी. मी एकदा ‘गार, गोल, आतून पोकळ’ असं लिहिलं आणि मास्तरांनी माझी पाटी वर्गभर फिरवली. तांब्या होता. आयुष्यात माझ्या लेखनाचं झालेलं कौतुक ते तेवढंच.

आता तू मागितलं होतंस ते. गेल्या महिन्यात दहा तारखेला मालधक्क्याच्या गाडीत एक पिशवी सापडली. नोंद अशी: ‘निळी कापडी पिशवी. आत अर्धवट विणलेला स्वेटर, राखाडी लोकर, सुया टाक्यांत अडकवलेल्या, लोकरीचा एक गोळा.’ मामी डबा द्यायला आली तेव्हा तिनं ते विणकाम हातात घेऊन पाहिलं. म्हणाली, “पाठ झालीय, पुढचा भाग निम्मा आलाय. हात सैल आहे, पण सगळीकडे सारखा सैल. बाई सरावाची दिसतेय.”

मला त्या बाईचं वाईट वाटतं. इतके दिवस बसून विणायचं आणि एका दिवशी उतरताना विसरायचं. ती आली तर बरं होईल. मधे एक उंच माणूस चौकशीला आला होता. काखेत पिवळं शिरस्त्राण, नखांत काळं वंगण. “विणकाम काही सापडलंय का?” असं विचारून तो खाली बघत उभा राहिला. मी म्हटलं, ज्या बाईंचं असेल त्यांनाच पाठवा, खूण विचारावी लागते. तो “बरं” म्हणाला आणि गेला. पुन्हा कुणी आलं नाही.

न लिहिलेली खूण तुला सांगतो. सांगू नये, पण तू लांब आहेस आणि बावीस वर्षांत एकदा कुणाला तरी सांगावंसं वाटलं. दोन सुया जोडीच्या नाहीत. एक लोखंडी आहे आणि एक लाकडी. हे तुझ्या पोटात राहू दे.

तुझा
मामा


५ मार्च

प्रिय मामा,

आली! तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी बसले आणि उठले तेव्हा अंधार पडला होता. अकरा पानं. चहा करायचाही विसरले.

तुझी ती पिशवीवाली बाई आहे. माझ्या कथेत ती म्हातारी आहे, मुलगा दूर गेलाय, आणि ती रोज बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि परत येते, कारण घरात बसून विणवत नाही. बाकी सांगत नाही. संपादकबाईंना वाचून दाखवली. वाचन झाल्यावर त्या बराच वेळ चष्मा पुसत होत्या, म्हणजे आवडली. मासिकात आधी येईल, मग पुस्तकात.

नोंदी आता रोज लिहिते. काल लिहिली: ‘काळी चप्पल, डावी टाच आतून झिजलेली.’ मग त्या माणसाचं चालणं पाहिलं, तर अगदी तसंच! मी इतकी हसले की डॉक्टरांनी आतून डोकं बाहेर काढलं.

तुझे उपकार कसे फेडू?

भिंगरी


२६ मे

चि. भिंगरीस.

सोमवारी सकाळी शिवणवर्ग चालवणाऱ्या एक बाई आल्या. निळी पिशवी, राखाडी स्वेटर, असं सगळं सांगितलं. मी विचारलं, “आणखी काही खूण?” त्या म्हणाल्या, “एक सुई लोखंडी आहे, एक लाकडी.”

बावीस वर्षांत खूण बरोबर आली की मी उठतो आणि वस्तू काढून देतो. मी उठलोही. मांडणीपर्यंत गेलो, हात वर केला. मग मागे वळून पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, मांडणीवर पिशवी कुठं आहे ते शोधत होत्या. मी म्हटलं, साहेबांची सही लागते, पुढच्या आठवड्यात या. असं खोटं मी या खोलीत पहिल्यांदा बोललो.

दुपारी एक आजोबा आले. हातात मासिकाची गुंडाळी. त्यांनी तर पिशवीचा रंग सांगायच्या आधी सुया सांगितल्या. म्हणाले, “माझ्या बायकोची आहे. ती विणायची. दोन वर्षांपूर्वी गेली.” मी म्हटलं, पिशवी यंदा जानेवारीत सापडली. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “कुणाकडे तरी राहिली असेल.” जाताना मासिक टेबलावर विसरले.

ते मी उघडलं. तुझं नाव होतं.

कथा चांगली आहे. मामीनं दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा वाचताना पदर डोळ्याला लावला. ती लाकडी सुई म्हातारीच्या आईची, हे तू छान रचलं आहेस.

मी तुला काही बोलत नाही. खूण आधी मी फोडली, तू नंतर. पण आता असं झालं आहे, की खरी बाई उद्या आली आणि तिनं सुया सांगितल्या, तरी मी तिला कसं ओळखू? तीही मासिक वाचून आलेली असू शकते. १० जुलैला सहा महिने भरतात. त्या दिवशी पिशवी भांडारात जाईल.

मामा


४ जून

प्रिय मामा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तू रागावला असतास तर बरं झालं असतं.

खरं सांगते. ५ मार्चच्या पत्रात मी सुयांचा उल्लेख मुद्दाम टाळला. लिहिलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि त्या काढल्या तर कथा उभीच राहत नव्हती. सगळी कथा त्या लाकडी सुईवर टेकलेली आहे. मी स्वतःला समजावलं, की हे मासिक तुमच्या गावात कोण वाचतंय. मला वाटलं, मला ती सुचली. ती सुचली नव्हती, तू विश्वासानं दिली होतीस.

काय करू सांग. मासिकात खुलासा छापू का? तिकडे येऊ? त्या आजोबांना भेटू? माझ्याच्यानं दुपारी टेबलाशी बसवत नाही. कागद बघितला की ती पिशवी दिसते.

संपादकबाई खुशीत आहेत. पुस्तकाला त्याच कथेचं नाव द्यायचं म्हणतात. मी त्यांना अजून काही बोलले नाही.

भिंगरी


१६ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद.

येऊ नकोस आणि खुलासा छापू नकोस. खुलासा वाचून आणखी चार जण येतील.

उपाय मामीनं काढला. मी दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठलो तेव्हा ती म्हणाली, “सुया राहू द्या बाजूला. जिनं विणलंय तिच्या हातात द्या आणि दोन ओळी विणायला सांगा. बोललेलं खोटं असेल, हात खोटा पडत नाही.” मी म्हटलं, हे नियमात नाही. ती म्हणाली, “नियमातली खूण तुम्ही पाकिटात घालून भाचीला पाठवलीत.”

शिवणवर्गाच्या बाई आल्या. मी विणकाम पुढे केलं आणि दोन ओळी विणा म्हटलं. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि भराभर विणल्या. हात सफाईचा, पण घट्ट. त्यांच्या दोन ओळी राखाडी कापडावर आवळलेल्या दोऱ्यासारख्या उठून दिसल्या. त्यांनी स्वतःच पाहिलं, मला दाखवलं आणि हसल्या. म्हणाल्या, “कथा वाचली, मग फळ्यावर तुमची नोंद दिसली आणि वाटलं, म्हातारीचं अर्धं राहू नये. मी पुरा केला असता, विकला नसता हो.” मग त्यांनी आपल्या दोन्ही ओळी उसवल्या, टाके पहिल्यासारखे सुईवर चढवले आणि पिशवीची घडी नीट करून दिली. मी त्यांना वाईट म्हणू शकत नाही.

आजोबांना विणता येत नव्हतं. त्यांना मी विचारलं, “तुमच्या मंडळींचा हात कसा होता? सैल की घट्ट?” ते पिशवीकडे बघत राहिले. म्हणाले, “एकेचाळीस वर्षं समोर बसून विणायची. मी कधी पाहिलं नाही.” मग उठले आणि गेले. मी त्यांना चहा विचारायला हवा होता. सुचलं नाही.

साहेब म्हणतात, खूण सांगितली ना, मग पहिल्याला देऊन मोकळे व्हा. मी १० जुलैपर्यंत मुदत मागून घेतली आहे. नोंदवहीत ‘कुणाला दिली’ ती ओळ अजून रिकामी आहे.

मामा


२५ जून

प्रिय मामा,

लिहिता येत नव्हतं म्हणून तुझी जुनी पत्रं काढून बसले. तू शिकवलंस तशी वाचली. जे लिहिलंय तेवढंच बघायचं.

२९ जानेवारीच्या पत्रात तू लिहिलं आहेस, ‘बाई पाहिलीस का? मग खोड.’ आणि २२ फेब्रुवारीच्या पत्रात पिशवीची नोंद देऊन झाल्यावर तू लिहितोस, ‘मला त्या बाईचं वाईट वाटतं.’

मामा, बाई पाहिलीस का?

नोंदीत बाई नाही. पिशवी आहे, स्वेटर आहे, सुया आहेत. बाई आधी मामीच्या तोंडून आली, मग तुझ्या पत्रात आली, तिथून माझ्या कथेत. मी तिला म्हातारी केलं आणि मुलगा दिला. ती कुणीच पाहिलेली नाही.

पाहिलेला माणूस एकच आहे. उंच, काखेत पिवळं शिरस्त्राण, नखांत वंगण. त्यानं ‘विणकाम सापडलंय का’ म्हणून विचारलं. ‘बायकोचं’ म्हणाला नाही, ‘आईचं’ म्हणाला नाही. तू ‘बाईंना पाठवा’ म्हणालास आणि तो खाली बघत निघून गेला.

आणि पिशवी मालधक्क्याच्या गाडीत सापडली होती.

चुकत असेन तर मामीकडून ऐकून घेईन. पण दिवस पंधराच उरले आहेत.

भिंगरी


९ जुलै

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ते मामीपुढे सरकवलं. तिनं वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “अगंबाई.” एवढंच. मग म्हणाली, “त्या गवंड्याची गोष्ट मला हजारदा सांगितलीत, आणि स्वतःच?” मी मान खाली घातली. बावीस वर्षं मी तो वर्णनाचा रकाना कोरडा ठेवला आणि एका पत्रात ओला करून टाकला.

रविवारी मालधक्क्यावर गेलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं, “इथं कुणी विणतं का?” तो म्हणाला, “काय विणतं?” मी म्हटलं, “स्वेटर.” तो इतका हसला की त्याची शिट्टी तोंडातून पडली. “काका, इथं लोखंड उचलतात.” मी वंगणाचं आणि उंचीचं सांगितलं. मग तो हसायचा थांबला आणि बोट वर केलं. “तो वरचा? तो दिवसभर वर असतो. काय करतो देव जाणे, खाली उतरून कुणाशी बोलत नाही.”

वर पाहिलं. क्रेनच्या टोकाशी काचेची खोली होती, कपाटाएवढी. मी पहारेकऱ्याकडे चिठ्ठी ठेवली: ‘आगारात मागच्या बाजूच्या खोलीत यावे. बाईला पाठवू नये.’

काल तो आला. मामी डबा घेऊन आली होती ती मुद्दाम थांबली.

“तुम्हीच मला परत पाठवलं होतं,” तो म्हणाला.

“हो.”

“बाईला पाठवा म्हणालात. मी बाई कुठून आणू?”

मामीला हसू आवरेना. तिनं तोंड फिरवून मांडणीवरच्या छत्र्या मोजल्या.

मी खूण विचारली नाही. पिशवी काढून समोर ठेवली आणि म्हटलं, दोन ओळी विणून दाखवा. त्यानं हात विजारीला पुसले, मग रुमालाला पुसले. गोळा पिशवीतच राहू दिला आणि उभ्यानंच विणायला लागला. खुर्ची दिली, नको म्हणाला. वर बसून कंटाळा येतो. एक गाडी भरून गेली की दुसरी येईपर्यंत कधी अर्धा तास, कधी तास जातो. खाली उतरायची परवानगी नाही. बहिणीनं लहानपणी शिकवलं होतं, ते वर गेल्यावर आठवलं. “कुणाला सांगत नाही,” तो म्हणाला. “क्रेनवर चिडवायचं नाव लिहून ठेवतील.”

दोन ओळी झाल्या. मामीनं कापड खिडकीशी नेलं, उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं. मग म्हणाली, “कुठून सुरू केलंत ते मला दाखवा बरं.” त्यालाही दाखवता आलं नाही.

लाकडी सुईचं मीच विचारलं. पहिली जोडी लोखंडी होती. मागच्या वर्षी एक सुई हातातून सटकली आणि क्रेनच्या फटीतून खाली गेली. दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत शोधली, सापडली नाही. मग झाडूच्या दांड्याचा तुकडा घेतला, फुटक्या काचेनं तासला आणि घासून घासून गुळगुळीत केला. केसभर जाड झाली आहे, म्हणून एक ओळ जरा घट्ट येते आणि एक जरा सैल. मामीलाही हे दिसलं नव्हतं. तो म्हणाला, “थंडीला काय कळतंय?”

तुझ्या कथेतली आईची सुई मला आवडली होती. पण भिंगरी, ही तुला बसल्या जागी रचता आली असती का? मला तर नक्कीच नाही.

त्यानं सही केली. स्वेटर कुणासाठी, हा प्रश्न मामीच्या ओठांवर आलेला मला दिसला. मी तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प बसली. लग्न झाल्यापासून असं दुसऱ्यांदा घडलं.

दारात पोचल्यावर तो थांबला आणि स्वतःहून मला ते सांगितलं. कुणासाठी, आणि का. मामीला ऐकू गेलं नाही.

ते मी तुला लिहीत नाही.

ते आजोबा पुन्हा आलेले नाहीत. त्यांच्या मासिकाची मी नोंद केली आहे: ‘एक मासिक, गुंडाळी होऊन वाकलेलं.’ आत एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ आहे. कुठल्या ओळीखाली, ते नोंदीत नाही. आले तर त्यांना तेवढंच विचारीन, आणि चहाही.

तुझा
मामा


२१ जुलै

प्रिय मामा,

विचारणार नाही. पत्र वाचल्यावर पहिल्यांदा तेच विचारावंसं वाटलं, मग दोन दिवस थांबले आणि आता खरंच नाही वाटत.

संपादकबाईंकडे गेले होते. ती कथा पुस्तकात नको, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, “वेडी आहेस का? लोकांना आवडलीय.” मी म्हटलं, लोकांना आवडली म्हणूनच. त्यांना काही कळलं नाही, आणि मला नीट सांगताही आलं नाही. म्हणाल्या, मग सातवी कुठाय? म्हटलं, आणते.

गेल्या गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर एक वस्तू राहिली. नोंद अशी केली: ‘चष्म्याचं घर, तपकिरी. बिजागरी एका बाजूनं तुटलेली, तिथं पांढरा दोरा गुंडाळलेला. आत चष्मा नाही, दुसरंच काही आहे.’ खणात ठेवलं आणि वाट पाहिली. कुणाचं असेल याचा विचार मनात आला की उठून पाणी प्यायचे. शनिवारी ज्यांचं होतं ते आले. मी खूण विचारली, त्यांनी सांगितली. देऊन टाकलं. जाताना ते एकच वाक्य बोलले आणि मी घरी येऊन टेबलाशी बसले.

नऊ पानं झाली आहेत. कथेत चष्म्याचं घर नाही, दवाखाना नाही, ते गृहस्थही नाहीत. फक्त त्या वाक्यामुळं मला माझंच काही आठवलं, जे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कथा त्या आठवणीची आहे.

त्या चष्म्याच्या घरात काय होतं, ते तुला लिहीत नाही.

मामीला नमस्कार. टेबल हललेलं नाही.

तुझी
भिंगरी